एन नाना पेठेचा

रात्री पावणेदहाला, खराडीत, आमच्या चौथ्या मजल्यावर
फोन आला : नऱ्ह्याहून, हिरामण कोंढरे.
"नेट गेलंय मॅडम. दिवा हिरवाच आहे, पण पोचत कुठंच नाही.
उद्या तीस तारीख. हयातीचा दाखला भरायचाय.
नाही भरला, तर कागदोपत्री मी गेलो."

राउटर बंद-चालू करून झाला होता त्यांचा, तीनदा.
वायर काढून फुंकर मारूनही.
मग मी म्हटलं, काका, काळी खिडकी उघडावी लागेल,
ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून.
"परवानगी विचारतंय."
हो म्हणा.
"मीच द्यायची? बरं.
आमच्याकडं डेपो मॅनेजर द्यायचा."

एन, मी सुरू केलं, नागपूरचा.
"थांबा. नागपूरला आपली गाडी जात नाही.
बत्तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होतो.
एन नाना पेठेचा."
बरं. ई एरंडवण्याचा, टी टिंगरेनगरचा,
एस स्वारगेट, एच हडपसर.
"हा काय रूट झाला? ड्रायव्हर शिव्या घालेल."
आता एक जागा सोडा.
"सीट रिकामी. पुढं?"
डब्ल्यू वारजे. आयला दोघांनाही काही सुचेना,
शेवटी औंधचं आयटीआय.
परत नाना पेठ, परत स्वारगेट,
ओला निगडीची ओटा स्कीम (ही त्यांचीच, मला माहीत नव्हती),
सी कॅम्प, के कात्रज.
"इथं गाडी रिकामी होते," ते म्हणाले,
आणि सांगायच्या आत जागा सोडली.
रीसेट त्यांना स्पेलिंगसकट येत होतं.
मिक्सरच्या बुडाशी लिहिलेलं असतं म्हणे, लाल बटणाखाली.

एंटर दाबा.
दाबलं. आणि तोंडानं दोनदा
टिंग टिंग.

पुढची ओळ : आयपी कॉन्फिग, जागा, तिरकी काठी, रिलीज.
"आकडे गेले सगळे. कोरं दिसतंय."
त्यानं पत्ता परत केला, मी सांगितलं. आता नवा मागायचा.
"आणि तोवर?"
तोवर त्याला पत्ता नसतो.

पलीकडं बराच वेळ नुसता पंखा.
"दत्तवाडी सोडली ना आम्ही,
तेव्हा आठ महिने टपाल जुन्याच घरी जायचं.
विम्याचं, बँकेचं. एक लग्नपत्रिका तर
लग्न लागून पोरगी नांदायला गेल्यावर मिळाली.
खालचा सायकलवाला ठेवून घ्यायचा बिचारा,
पंक्चरच्या डब्याखाली."

आमच्या स्क्रिप्टमध्ये याला उत्तर नाही.
मी म्हटलं, रिन्यू. आर रास्ता पेठेचा.

शेवटची ओळ जुने पत्ते पुसण्याची.
मशीन ते डोक्यात धरून बसतं, काका,
दार हललं तरी तिथंच जाऊन ठोठावतं.
"पुसता येतात?"
येतात.
"पुसा मग," असं म्हणाले, आणि टाइप मात्र
त्यांनीच केलं, एका बोटानं, फार हळू.

बंद करून परत चालू होईपर्यंत आम्ही दोघं गप्प.
माझ्या पडद्यावर घड्याळ लाल झालं होतं,
काचेच्या केबिनमधून नाकाडे सरांनी
मनगटावर बोट आपटून दाखवलं.

"लागलं!" ते ओरडले. मग लगेच,
"अंगठा घेत नाही मॅडम."
भाच्यानं आणलेलं ते बोट ठेवायचं यंत्र.
"तिकिटं फाडून फाडून गुळगुळीत झालाय.
दुसरं बोट ठेवू?"
हे आमच्या विभागात येत नाही.
ठेवा, मी म्हटलं. आधी पदराला, म्हणजे टॉवेलला पुसून.
"फिरतंय... फिरतंय अजून..."
आणि लाइन कटली. त्यांची की आमची, कळलं नाही.

मी नोंद केली : नेटवर्क, सुटलं, एकतीस मिनिटं.

पहाटे कंपनीची गाडी गाडीतळावर थांबली.
समोर एक रिकामी बस, दिवे लागलेले,
कंडक्टर पायरीवर बसून सुट्टे मोजत होता.
पाटी वाचता वाचता माझ्याच तोंडून निघालं,
एच.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.
काही नाही, म्हटलं, चला.